आधी दूध कुठं गेलं ते विचार

चि. भाऊ,

'अ‍ॅनिमल फार्म' ही ऑर्वेलची कादंबरी (जनावरं मालकाला हाकलतात आणि मग डुकरं राज्य करू लागतात ती) वाचून तू विचारतोस, डुकरांचा म्होरक्या नेपोलियन दुष्ट खरा, पण पवनचक्की तर त्यानंच उभी केली ना? कडक माणसाशिवाय कामं होतात का? आणि खाली हळूच लिहिलंयस की डेअरीचे चेअरमन तुला सचिव करायला निघालेत. म्हणजे प्रश्न पुस्तकाचा नाहीच.

पवनचक्कीची कल्पना स्नोबॉलची, म्हणजे दुसऱ्या पुढारी डुकराची. नेपोलियननं आधी विरोध केला, स्नोबॉलवर कुत्री सोडून त्याला हाकललं, मग तीच कल्पना स्वतःची म्हणून खपवली. शेवटी चक्की उभी राहिली तेव्हाही वीज आली नाही. दळणाचा पैसा आला, तो घोड्या-मेंढ्यांच्या वाट्याला कुठला यायला? नीट वाचत जा रे जरा.

पण चक्की सोड, दुसरं प्रकरण काढ. मालक पळालाय, गाईंची धार काढून झालीय, फेसाळ दुधाच्या पाच बादल्या समोर आहेत. नेपोलियन बादल्यांपुढं उभा राहून म्हणतो, दुधाचं नंतर बघू, आधी गवत कापायला चला. संध्याकाळी सगळे परततात तर दूध गायब. ज्या कुत्र्यांना पुढं सगळे चळाचळा कापणार होते, त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता! विचारायला काय हरकत होती? मग सफरचंदंही डुकरांच्याच वाट्याला गेली. त्याला सगळ्या डुकरांची संमती, तुझ्या लाडक्या स्नोबॉलचीसुद्धा. आणि कारण काय, तर डुकरं अशक्त झाली की जुना मालक परत येईल.

दूध कुठं गेलं ते विचार. चक्कीचं नंतर.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. पुढच्याच वर्षी 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'चाणक्य' या नावानं लेख आला, की या जवाहरलालला जपून राहा, याचा हुकूमशहा व्हायला वेळ लागणार नाही, याला पुन्हा अध्यक्ष करू नका. चाणक्य म्हणजे खुद्द नेहरूच. चहूकडे जयजयकार चालू असताना स्वतःवरच संशय घेणारा पुढारी. तुझे चेअरमन असलं काही लिहितील?

मला गावात खोडील म्हणतात ते तुला ठाऊक आहे. याच डेअरीत, आधीच्या चेअरमनांच्या काळात, फॅट तपासायला काढलेलं नमुन्याचं दूध त्यांच्या घरी जायचं. ते विकून पैसे संस्थेच्या वहीत जमा व्हायला हवे होते. मी वार्षिक सभेत उठून विचारलं. चहापुरत्या दुधासाठी सभा नासवता का, म्हणून माझ्याच भाऊबंदांनी खाली बसवलं. त्यानंतर कित्येक घरांतून लग्नपत्रिका यायची बंद झाली. हिला अजून त्याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण पुढं तेच चेअरमन ढेपेच्या बिलांत सापडले तेव्हा ओरडणारे कुठं होते? सांग भो, मन्हं काय चुकनं?

तू हुशार आहेस, म्हणूनच त्यांना हवा आहेस. हिशेब समजणारा पोरगा आपल्या बाजूला असला की बरं असतं.

सचिव हो, मी नको म्हणत नाही. पण पहिल्या महिन्यातच नमुन्याच्या दुधाची वही माग. द्यायला टाळाटाळ केली तर मला कळव. मी अजून सभासद आहे.

तुझा,
सर