प्रेत वाळूवर, पण भरती कधी होती?

नागपूरच्या धरमपेठेत बसून कोकणातल्या गावची रहस्यकादंबरी लिहिली, तर समुद्राकाठी कधी राहिलो नाही हे उघडं पडेल का, असं तुम्ही विचारलंय. पडेल, पण वर्णनात नाही. लाटा, सुरूची बनं, खारा वारा कोणीही लिहितं. तुमची गोची वेळेच्या हिशोबात झाली आहे.

तुमच्या पहिल्या प्रकरणात अमावास्येच्या रात्री ९ ला माणूस मरतो आणि पहाटे पोलीसपाटलाला पाण्याच्या कडेपर्यंत गेलेली त्याची पावलं दिसतात. मुंबईकडे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा. दक्षिणेकडे ती जरा आधी येते. म्हणजे ९ ची पावलं मध्यरात्रीच्या उधाणाने पुसली. पहाटे ओहोटीच्या ओल्या वाळूत जी दिसतील ती नंतरचीच.

पण प्रसंग बदलू नका! ती पावलं तशीच ठेवा. तो आपल्या पायांनी समुद्रात गेला असं भासवायला मागाहून कोणीतरी ती उमटवली. पोलिसांना हे सुचणार नाही, जन्मभर होडी वल्हवलेल्या म्हाताऱ्याला सुचेल, आणि तो लगेच बोलणार नाही. माझ्या मते तुमची कादंबरी त्याच्या गप्प बसण्यात आहे.

जुलैतला ट्रॉलर मात्र काढा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. कथा ऑक्टोबरात न्या आणि रापण घ्या. ते जाळं किनाऱ्यावरून कितीतरी माणसं मिळून ओढतात, मासळीत ज्याचा त्याचा वाटा असतो. त्या दिवशी ओढायला कोण आलं नाही, हे गावाला न विचारता कळतं.

शवविच्छेदन एका ओळीत उरकलंय, तिथे थांबा. जिवंतपणी बुडालेल्याच्या रक्तातून पाण्यातले डायटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शेवाळं, हाडांच्या मगजापर्यंत पोचतात. हृदय थांबल्यावर पाण्यात टाकला तर तिथवर जात नाहीत. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या त्यांच्या जाती वेगळ्या. समुद्रकाठच्या प्रेतात गोड्या पाण्याचे निघाले, तर तो बुडाला देवळाच्या तळीत. तळं तर फुटाळा-अंबाझरी तलावांकाठच्या तुम्हा नागपूरकरांना समुद्राहून जास्त कळतं. फक्त तिन्हीसांजेनंतर तळीवर कोण जातं, ते दुसऱ्या प्रकरणातच सहज सांगून टाका. शेवटी सांगाल तर वाचक चिडेल, आणि त्याचं बरोबरच असेल.