कबड्डीत मुलाचा गुडघा पिळला, 'टक' आवाज आला, एक्स-रे नॉर्मल आहे. पंधरा दिवसांनी जिल्हा निवड चाचणी आहे, खेळवू का?

नाही. चाचणीला उतरवू नका आणि तोवर सरावालाही पाठवू नका.

इतक्या ठामपणे सांगायचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. मुलगा १७ वर्षांचा. चढाईत पाय रोवून मागे वळताना कोपरारक्षकाने घोटा धरला, गुडघा आतल्या बाजूला पिळला, आवाज आला आणि घरी पोहोचेपर्यंत गुडघा टम्म फुगला. या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मधोमध असलेलं मुख्य लिगामेंट (दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा), तुटलं असावं असं आधी धरून चालायचं. तपासणीत ते शाबूत निघालं तर आनंदच आहे. उलट क्रमाने जाऊ नये.

सूज किती वेळात आली हे फार महत्त्वाचं असतं. दोन-चार तासांत गुडघा फुगला तर सांध्यात बहुतेक वेळा रक्त साचलेलं असतं, आणि आतलं काहीतरी फाटल्याशिवाय ते येत नाही. नुसती गादी, म्हणजे मेनिस्कस, दुखावली असेल तर सूज बहुधा दुसऱ्या दिवशी हळूहळू चढते. एक्स-रे नॉर्मल आहे याचा अर्थ हाड मोडलेलं नाही, एवढाच. लिगामेंट आणि गादी एक्स-रेत दिसत नाहीत. आठ दिवसांत सूज उतरली आणि मुलगा न लंगडता चालू लागला, यावरूनही काही ठरत नाही. एसीएल तुटलेला माणूस सरळ रस्त्यावर आरामात चालतो, कित्येक जण सरळ रेषेत धावतातही. ते लिगामेंट लागतं ते वळताना, अचानक थांबताना, एका पायावर उतरताना. कबड्डीत दुसरं काय असतं?

अशा गुडघ्यावर खेळलं तर गुडघा पुन्हा 'निसटतो'. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकतं आणि मधली गादी चेंगरते. पहिल्या दिवशी वाचलेली गादी अशा दुसऱ्या-तिसऱ्या निसटण्यात फाटते. लिगामेंट नवं बसवता येतं, पण कापून काढलेली गादी परत येत नाही. ती गेली की गुडघ्याची झीज तिशी-पस्तिशीतच सुरू होऊ शकते. एका निवड चाचणीसाठी ही किंमत मोजू नका.

कोच गरम मालिश आणि नी-कॅप सुचवतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक आणि मालिश केल्याने आतला रक्तस्राव वाढू शकतो, आणि नंतरही मालिशने तुटलेलं लिगामेंट जुळत नाही. गुडघा ओढून 'बसवणाऱ्या' कोणाकडेही नेऊ नका. नी-कॅपने उबदार वाटतं, धीर येतो, पण पिळ बसताना ती कापडी नळी हाडाला थोपवू शकत नाही. तिच्या भरवशावर मुलगा जोरात खेळेल, धोका आहे तो हाच.

आता तपासणी. गुडघ्याच्या किंवा खेळातल्या दुखापतींचं काम करणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. ते गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून एका हाताने मांडी धरतील आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतील. तिला लॅकमन टेस्ट म्हणतात. दोन्ही पायांची तुलना करून नडगी किती सरकते आणि शेवटी घट्ट अडते की भुसभुशीत लागते, हे त्यात कळतं. दुखापतीनंतर लगेच गुडघा दुखरा असतो, मांडीचे स्नायू आवळले जातात आणि ही टेस्ट फसवी निघू शकते. त्या दिवशी कोणी 'लिगामेंट ठीक आहे' म्हणालं असेल तरी आता पुन्हा बघून घ्या. शंका राहिली तर एमआरआय. एमआरआयमध्ये एसीएलइतकंच गादीचंही बघायचं असतं, म्हणून रिपोर्टबरोबर फिल्म किंवा सीडी मागून घ्या. वय १७ आहे, तेव्हा हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या बंद झाल्यात का, हेही डॉक्टरांना विचारा. त्या उघड्या असतील तर शस्त्रक्रियेची पद्धत बदलते.

थांबायचं नाही अशी एक स्थिती आहे. गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकला आणि काही केल्या सरळ होत नसेल, तर गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजून दुखणं, पाऊल बधिर किंवा गार पडणं, ताप येणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत घरी करायचं काम साधं आहे. घरोघरी एक चूक होते: दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवतात. बरं वाटतं, पण गुडघा तसाच वाकलेला आखडतो आणि पुढे सरळ करायला महिने जातात. उशी गुडघ्याखाली नको. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या आणि त्याच्याच वजनाने सरळ होऊ द्या. दिवसातून चार-पाच वेळा, दहा-दहा मिनिटं. त्याच अवस्थेत मांडीचा पुढचा स्नायू आवळून पाच सेकंद धरायचा आणि सोडायचा, असं दहा वेळा. गुडघ्यात पाणी असलं की हा स्नायू जणू बंद पडतो आणि आठवडाभरात मांडी बारीक दिसू लागते, म्हणून हे टाळू नका. सूज असेल तर बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं.

सूज खरंच उतरली का, ते असं बघा. मुलाला पाय सरळ करून सैल झोपवा. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूने तळहाताने खालून वर, मांडीकडे, दोन-तीनदा निपटा. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा निपटा. आतल्या बाजूचा खळगा हळूच लाटेसारखा भरून आला तर आत अजून पाणी आहे. चांगल्या गुडघ्यावर आधी करून बघा म्हणजे फरक कळेल. पुढे व्यायाम वाढवतानाही हीच खूण धरायची: आज केलेल्या व्यायामानंतर उद्या सकाळी पाणी वाढलं असेल तर आजचा भार जास्त झाला.

एमआरआयमध्ये फक्त एमसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, ताणलेलं निघालं तर बातमी चांगली. हलकी दुखापत दोन-तीन आठवड्यांत, मध्यम दुखापत सहा आठवड्यांच्या आसपास सावरते, बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय. एसीएल पूर्ण तुटलेलं असेल आणि मुलाला पुन्हा कबड्डीच खेळायची असेल, तर बहुतेक डॉक्टर दुर्बिणीतून नवं लिगामेंट बसवायला सांगतील. गुडघा अडकलेला नसेल तर त्याची घाई नसते. आधी सूज उतरवून, गुडघा पूर्ण सरळ करून आणि मांडीत ताकद आणून मग शस्त्रक्रिया केली तर पुढचं सगळं सोपं जातं. फुगलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर केलेली शस्त्रक्रिया पुष्कळदा आखडलेलाच गुडघा देते.

त्यानंतरचा काळ मुलाला आधीच समजावून सांगा. नवं लिगामेंट म्हणून बसवतात तो त्याच्याच शरीरातला स्नायूबंध असतो. तो आत रुजताना आधी कमकुवत होतो आणि मग हळूहळू घट्ट होतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सगळ्यात नाजूक असतो, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, मुलगा जिने चढत असतो आणि मित्र मैदानावर बोलवत असतात. फिजिओथेरपीही याच सुमारास बंद केली जाते. ती बंद करू नका. नॉर्वेतल्या खेळाडूंवरच्या एका अभ्यासात दिसलं, की नवव्या महिन्यापर्यंत परतणं एकेक महिना लांबवलं तसा पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्याने उतरत गेला. पंचविशीच्या आतल्या खेळाडूंना हा धोका मुळातच मोठा असतो, म्हणून नऊ महिने हा किमान आकडा समजा.

नऊ महिने झाले एवढ्यावरही सोडायचं नाही. दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या मांडीच्या किमान ९० टक्के हवी, आणि ती मशीनवर एकेका पायाने मोजून. एका पायावर लांब उडी, लागोपाठ तीन उड्या, रेषेच्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना उड्या, यांतही ९० टक्के. फिजिओला उडीतून उतरतानाचा व्हिडिओ समोरून काढायला सांगा. उतरताना गुडघा अंगठ्याच्या आत झुकत असेल तर अजून तयारी नाही, उडी कितीही लांब गेली तरी. आणि परतणं म्हणजे थेट सामना नव्हे: आधी एकट्याने चढाईच्या हालचाली, मग एक पकडणारा आणि ठरलेली पकड, मग न ठरवलेली, मग पूर्ण संघ. प्रत्येक टप्प्याला दोन-एक आठवडे.

संघातल्या बाकीच्या मुलांसाठी कोचना एक गोष्ट नक्की सांगा. फिफाने फुटबॉलसाठी तयार करवून घेतलेला '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप आहे, सुमारे २० मिनिटांचा, खास साधन लागत नाही. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या फुटबॉल संघांनी तो हंगामभर केला तेव्हा त्यांच्यातल्या गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. कबड्डीला त्यातलं बहुतेक सगळं चालतं: प्लँक आणि साइड प्लँक, एका पायावर तोल, स्क्वॅट, उडी मारून मऊ उतरणं, धावत येऊन दिशा बदलणं. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि कंबर न मोडता शरीर शक्य तितकं सावकाश पुढे झुकवायचं. पहिल्या आठवड्यात तीन ते पाच वेळाच, कारण नंतरचे दोन दिवस मांड्या भरून येतात. सामन्याच्या आदल्या दिवशी करू नये. हा वॉर्म-अप आठवड्यातून दोनदा तरी व्हायलाच हवा.

कबड्डीचं म्हणून वेगळं शिकवावं लागतं ते घोटा धरल्यानंतरचं. पाय अडकला की चढाईपटू गुडघा ताठ ठेवून धड मध्यरेषेकडे पिळतो, आणि तिथेच लिगामेंट जातं. अडकल्याबरोबर दोन्ही गुडघे आणि कंबर वाकवून खाली बसायचं, छाती आणि गुडघा एकाच दिशेला ठेवायचा आणि मग पुढे झेपावायचं, हे सावकाश शंभरदा करवून घ्यावं. चढाईपटू थांबला की सरावात शिट्टी लगेच वाजवावी, नाहीतर साखळीतले तिसरे-चौथे गडी बाहेरून त्याच्या रोवलेल्या गुडघ्यावर पडतात. आणि सराव मातीत अनवाणी, सामना मॅटवर बूट घालून, असं असेल तर सामन्याआधी किमान काही सत्रं मॅटवर घ्यावीत. मातीत पाऊल थोडं घसरतं आणि पिळ निघून जातो. मॅटवर बूट चिकटून बसतो आणि तोच पिळ गुडघ्यात जातो. मॅटच्या तुकड्यांमध्ये फट पडली असेल तर खेळ सुरू होण्याआधी ती बसवून घ्या.