पैज दोघांचीही हुकली

प्रश्न : ‘हॉट चॉकलेट’ या ब्रिटिश डिस्को गटाचे ‘यू सेक्सी थिंग’ हे गाणे वडिलांच्या जुन्या कॅसेटींत सापडले. ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते, असे माझा मित्र म्हणतो. माझ्या मते या गटाला पहिला क्रमांक कधी मिळालाच नाही. आमची मिसळीची पैज लागली आहे. खरे काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मिसळीचे बिल दोघांनी निम्मे-निम्मे भरावे, कारण ते गाणे पहिले आले नाही, गट मात्र आला.

जमैकातील किंग्स्टन येथे जन्मलेला गायक एरॉल ब्राउन आणि त्याचा जोडीदार टोनी विल्सन यांनी जॉन लेननच्या ‘गिव्ह पीस अ चान्स’ या गाण्याला रेगेचा ठेका देऊन शब्द बदलले, त्यासाठी लेननची परवानगी मागितली आणि त्याला ते इतके आवडले की 1969 मध्ये बीटल्सच्याच ‘ॲपल’ कंपनीने ती रेकॉर्ड काढली. पुढे निर्माता मिकी मोस्ट याने त्यांना आपल्याकडे घेतले. 1970 मध्ये ‘लव्ह इज लाइफ’ सहाव्या आणि 1974 मध्ये ‘एमा’ तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ‘एमा’ ही एका नटीच्या आत्महत्येची करुण कहाणी आहे, म्हणून या मंडळींना निव्वळ डिस्को गट म्हणणे मला थोडे अपुरे वाटते.

आपल्या कॅसेटमधील गाण्याची कथा गमतीची आहे. 1975 मध्ये ते आधी ‘ब्ल्यू नाइट’ या गाण्याच्या रेकॉर्डवर, मागच्या बाजूला, निघाले. विक्री बेताचीच झाली. मग मोस्टने त्याचे मिश्रण नव्याने करून त्याच वर्षी ते पुढच्या बाजूला आणले आणि ते थेट दुसऱ्या क्रमांकावर गेले. पहिली जागा तेव्हा ‘क्वीन’च्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ने सलग 9 आठवडे अडवून धरली होती. म्हणजे वाट अडवणारा फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला मुलगा! कोल्हापूरकरांनी यात कोणाची बाजू घ्यावी, हे मी सांगू शकत नाही.

पहिला क्रमांक 1977 मध्ये लाभला, तो ‘सो यू विन अगेन’ला, आणि तेही रस बॅलर्ड या बाहेरच्या गीतकाराच्या रचनेला. तरी या गटाचे खरे यश मला सातत्यात दिसते: 1970 ते 1984 या 15 वर्षांत त्यांचे गाणे ब्रिटिश यादीत नाही, असे एकही वर्ष गेले नाही. डिस्कोची लाट ओसरल्यावर ज्यांची नावेही उरली नाहीत, अशा गटांच्या तुलनेत ही कामगिरी फार मोठी आहे.

आपल्या मित्राला इतके मात्र अवश्य सांगावे की, 1987 मध्ये त्याच ‘यू सेक्सी थिंग’चे नवे मिश्रण दहाव्या क्रमांकावर आले, आणि 1997 मध्ये ‘द फुल मॉन्टी’ या चित्रपटात ते वाजल्यावर पुन्हा सहाव्या. पहिले न येताही ते एकच गाणे तीन वेगवेगळ्या दशकांत पहिल्या दहांत बसले.