जुन्या मनगटी घड्याळाचे भाग मूळचे आहेत की बदललेले, हे कसं ओळखायचं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. ऑनलाइन १,८०० रुपयांना दिसलेली केशरी डायलची एचएमटी पायलट घ्यावी का, विकणारा म्हणतोय की माल जुना पण न वापरलेला आहे. आणि वडिलांनी कुवेतहून आणलेल्या सीको फाइव्हच्या डायलवर डाग पडलेत, घड्याळवाला ती 'नवी करून देतो' म्हणतोय, तर करून घ्यावी का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण दुसरं 'नाही' जास्त ठासून सांगतो, कारण पहिल्यात फार तर अठराशे रुपये जातील.

आधी केशरी पायलट. पायलट म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती काळी डायल आणि तिच्यावरचे ठसठशीत आकडे. मोसंबी, पोपटी, जांभळ्या डायलींची जी घड्याळं ऑनलाइन ढिगाने दिसतात, त्यांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं गाजावं याचं वाईटही वाटतं आणि थोडं हसूही येतं. जुनं, बहुधा खरंच मशीन, पॉलिश मारून गुळगुळीत केलेली केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) आणि नव्याने रंगवून छापलेली डायल, असा हा मेळ असतो.

विकणारा तुम्हाला मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो पाठवेल आणि 'बघा, आत एचएमटी लिहिलंय' म्हणेल. लिहिलेलं असेलच. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरुत घड्याळांचा कारखाना काढला आणि पुढे कित्येक वर्षं जनता, पायलट अशा वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत एकाच घराण्याचं, १७ जुवेलचं (म्हणजे चाकांच्या टोकांशी माणकाचे बारीक खडे बसवलेलं), चावी द्यायचं मशीन बसवलं. ०२३१ हा त्यातला सगळ्यात जास्त भेटणारा क्रमांक. त्यामुळे साध्या जनतावर पायलट छापलेली डायल बसवली की झाली पायलट. मशीनचा फोटो फक्त मशीनबद्दल सांगतो, डायलबद्दल काहीच सांगत नाही. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तेव्हापासून हौशी लोकांची मागणी वाढली आणि 'न वापरलेला जुना माल' हे शब्दही तितकेच वाढले.

मी यात शहाणा फुकट झालेलो नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी निळ्या डायलची एक सीको घेतली. काय झळाळी होती! घरी येऊन भिंगाखाली धरली तर मिनिटांच्या रेघा बाराच्या खुणेपाशी बरोबर आणि सहापाशी अर्धी रेघ सरकलेल्या. तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंगाचा ओघळ सुकलेला. अक्षरं लांबून ठीक, जवळून मात्र कडा फुटलेल्या, ओल्या कागदावर शाई फुटते तशा. कारखान्यात कोरलेल्या प्लेटवरची शाई मऊ गादीने उचलून डायलवर टेकवतात, त्यामुळे ते अक्षर किंचित उठावाचं आणि कडेला धारदार असतं. दहापटीचं साधं भिंग दोनतीनशे रुपयांत मिळतं. घड्याळाआधी ते घ्या.

काट्यांकडे लोक बघतच नाहीत. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांना भिडलं पाहिजे, किमान त्यांच्या अगदी जवळ पोचलं पाहिजे. ते अर्ध्या वाटेत थांबत असेल तर काटा दुसऱ्या घड्याळाचा. अंधारात चमकणारा रंग असेल तर काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा रंग सारखाच म्हातारा झालेला हवा. डायलवर तो मधासारखा पिवळा आणि काट्यांवर पांढराशुभ्र दिसला तर काटे नंतर आलेत. आणि पन्नास वर्षांपूर्वीचं घड्याळ रात्रभर काजव्यासारखं उजळत असेल तर तो रंग कालपरवाचा आहे. १९६० पर्यंतच्या बऱ्याच स्विस घड्याळांत हा रंग रेडियमचा असे. त्याची चमक कधीच विझलेली असते, पण रेडियम किरणोत्सर्गी असतं आणि ते निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात, म्हणून तसलं घड्याळ स्वतः उघडून खरवडायला जाऊ नका.

आता वडिलांचं सीको. जुन्या घड्याळांत तपासायला याच्याइतकं सोपं दुसरं नाही. मागच्या झाकणावर ७००९-८७६० अशा धर्तीचा क्रमांक असेल. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. झाकण उघडल्यावर मशीनवरही तेच पहिले चार आकडे दिसले पाहिजेत. मग डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, काचेच्या कडेला केसाएवढ्या बारीक अक्षरांची ओळ शोधा. तिथेही तेच चार आकडे हवेत. पुढचे आकडे केसच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, त्याने घाबरू नका. रंगवलेल्या डायलवर ही ओळ बहुधा नसतेच, किंवा असते ती भलत्याच मशीनची. माझ्या निळ्या सीकोवर ती नव्हती.

झाकणावर आणखी एक अनुक्रमांक असतो. त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिन्याचा. ८२ ने सुरू होत असेल तर आठने संपणारं साल, फेब्रुवारी महिना. पण १९७८ की १९८८, हे तो सांगत नाही, ते मशीनवरून आणि घरच्यांच्या आठवणीवरून ठरवायचं. वडील कुवेतला कधी होते हे तुम्हाला माहीतच असेल, ते साल याच्याशी जुळवून बघा.

एक गंमत सांगतो. चावी एक टप्पा ओढून वाराचं चक्र फिरवा. आखातात विकायला पाठवलेल्या सीकोंमध्ये इंग्रजीच्या जोडीला अरबीत वार असतात. खिडकीत अरबी अक्षरं आली तर वडिलांच्या गोष्टीला घड्याळाने दिलेली ती साक्ष समजा. आमच्या रत्नागिरीकडच्या एका नातेवाइकांनी असं घड्याळ तीस वर्षं वापरलं. अरबी वार 'बिघाड' वाटून ते दर वेळी चक्र पुढे ढकलून इंग्रजीवर आणायचे.

मग सगळंच मूळचं हवं का? नाही. काच, आतली रबराची रिंग, मेनस्प्रिंग, पट्टा हे झिजणारे भाग आहेत. रोज वापरलेल्या घड्याळात ते बदललेले नसतील तर उलट मला शंका येते. चावी बदललेली असेल तर मी किमतीत थोडी घासाघीस करतो, घड्याळ सोडत नाही. केस घासून घासून तिच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर मात्र मन खट्टू होतं, कारण गेलेला धातू परत येत नाही. आणि डायल गेली की माझ्या लेखी घड्याळच गेलं. क्रोम उडून पितळ दिसणारी केस आणि डाग पडलेली पण कारखान्यातली डायल, हे घड्याळ मी चकचकीत केशरी पायलटच्या दुप्पट किमतीला घेईन.

म्हणून वडिलांच्या डायलला हात लावू देऊ नका. 'नवी करणं' म्हणजे जुना रंग आणि छपाई धुऊन काढून वर नवी छापणं. डागाबरोबर ती तळाची बारीक ओळही जाईल आणि पुढे कुणी तुमच्यासारखाच प्रश्न विचारला तर त्याला तपासायला काही उरणार नाही. संग्रहातल्या कितीतरी चांगल्या वस्तू अशा प्रेमापोटीच बिघडल्या आहेत, फसवणुकीने नव्हे.

ऑइलिंग आणि साफसफाई मात्र जरूर करून घ्या, सुकलेल्या तेलावर चालून मशीन झिजतं. झाकण उघडतील तेव्हा समोर बसा आणि झाकण मागून घेऊन त्याची आतली बाजू बघा. जुने कारागीर तिथे सुईने तारीख किंवा आपली खूण ओरखडून ठेवत. वडिलांनी ते किती वेळा दुरुस्तीला दिलं, हे कदाचित तिथे दिसेल. फोटो काढून ठेवा. काही भाग बदलावाच लागला तर काढलेला जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून परत द्या, असं आधीच सांगा. मागून मागाल तर तो कचऱ्यात गेलेला असतो.