ख्रिस्ती धर्मात पापक्षमेसाठी पश्चात्ताप लागतोच का?

हो, लागतोच. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात (१३:३) येशू स्पष्ट सांगतो, पश्चात्ताप केला नाही तर नाश ठरलेला. पण नुसतं रडणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं. आमच्या खानापूरकडं भाताच्या खाचराचा बांध शेजाऱ्याच्या रानात हातभर सरकवून कुणी माफी मागितली, तर लोक आधी 'बांध मागं घे' म्हणतील. त्याच शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयानं लोकांचं लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, ते हेच. कॅथलिकांत धर्मगुरूपुढं पापनिवेदन असतं. प्रोटेस्टंट बहुधा थेट देवापाशी कबुली देतात.

तरी क्षमा ही पश्चात्तापाची मजुरी नव्हे, ती कृपाच. येशूनं सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या बोधकथेत घर सोडून गेलेला मुलगा परत येताना अजून लांब असतानाच बाप त्याच्याकडं धावत सुटतो. मात्र मुलगा तोवर घराच्या वाटेला लागलेला असतो.