हळदीच्या हातांची भिंत

पोरी,

फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्याचा फोटो तू काल पाठवलास, पण भिंत मी परवाच बघून आलो होतो. कोणी रंगवली हे गावाला कळलेलं नाही आणि माझ्या तोंडून कळणारही नाही. मी मात्र लगेच ओळखलं. निळ्यातून पांढऱ्याकडे जाताना मधे कोरडा ब्रश फिरवायचा, ही खोड तुला मीच लावलेली.

रागावलो नाही. खरं सांगतो, थोडा हेवाच वाटला. पण तिथं एसटीची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यानं मला काय विचारलं माहीत आहे? "कोन्या कंपनीचं बियानं आलं हो पेंटर हे?" बारा फूट भिंत, रात्रभर जागरण, आणि वाचणाऱ्याला वाटलं सरकीची जाहिरात.

तू म्हणशील, ग्राफिटी, म्हणजे भिंतीवरची ही स्प्रेची अक्षरं, सगळ्यांना वाचता यावी म्हणून नसतेच. असेल. पण ती पसरली कशी ते बघ. न्यूयॉर्कमध्ये एक निरोप्या पोरगा होता, गावभर पाकिटं पोचवायचा. जाईल तिथं मार्करनं लिहायचा, 'टाकी १८३'. टाकी हे घरचं नाव, १८३ त्याच्या रस्त्याचा नंबर. १९७१ साली तिथल्या मोठ्या पेपरात त्याच्यावर बातमी आली आणि शेकडो पोरं नाव लिहीत सुटली. म्हणजे नाव आणि पत्ता! आम्ही पेंटर लोक जाहिरातीच्या कोपऱ्यात नाव-गाव टाकायचो, ते वेगळं काय होतं? फरक एवढाच की आम्हाला भिंतीचे पैसे मिळायचे. कधी कधी.

त्या पोरानं त्याच्या गल्लीचा नंबर लिहिला. तू लिहिलंस तेही त्याच्याच गल्लीचं. तीच इंग्रजी अक्षरं, तेच बाण. अगं, अक्षरात अक्षर गुंतवायला तिकडच्या पोरांना वर्षं घालवावी लागली. आपल्याकडे 'क्ष', 'ज्ञ', 'श्री', 'ष्ट्र' ही जन्मतःच गुंतलेली आहेत. देवनागरी अक्षर रेघेवर उभं राहत नाही, शिरोरेषेला लोंबकळतं. वर वेलांटी आणि रफाराला जागा हवी, खाली उकाराला. निळीत बुडवलेली सुतळी ताणून आम्ही दोन रेघा मारायचो, अक्षरं आधी घ्यायचो आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात. हात थांबला की रेघेला गाठ दिसते. तुझ्या स्प्रेनं ती एका झपाट्यात कशी निघेल, याचा विचार मी दोन रात्री करतोय.

उमेदीत मी पूर्व विदर्भातल्या वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायला जायचो. धानाची कापणी झाली की तिकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो, रात्रभर चालतात. वस्ताद मला मंडपाच्या पार शेवटी, चादर पांघरून बसलेल्या माणसाशेजारी नेऊन बसवायचा. "आता सांग, तुझा राजवाडा दिसतो का?" नाही दिसायचा. जवळून सुंदर वाटलेली नक्षी तिथून नुसता चिखल. तू मोबाईलवर फोटो चांगला यावा म्हणून रंगवलंस. धावत्या एसटीच्या खिडकीतून कधी बघितलंस का?

आता एक जुनी गोष्ट. कोणाला सांगितलेली नाही.

एका बियाणे कंपनीच्या भिंती मी तालुकाभर रंगवत होतो. भिंतीचं भाडं म्हणजे घरमालकाला एक टोपी आणि कॅलेंडर. आर्णी रोडवरच्या एका घराच्या मालकानं आदल्या दिवशी होकार दिलेला. भिंतीवर पाच-सहा पिवळट डाग होते. मी चुन्याचा पोतारा मारून ते झाकले आणि कामाला लागलो. दुपारी घरची म्हातारी वावरातून आली. डोक्यावरचा भारा खाली न टाकता ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या पोरीचे हात व्हते ना थे." लग्नातल्या हळदीचे हात. पोरगी पार सुरतेकडे दिलेली, तीन वर्षांत माहेरी आली नव्हती. मी ओल्या फडक्यानं चुना पुसत बसलो. चुन्याबरोबर हळदही निघाली. कंपनीचे पैसे पुढे बुडाले, ते सोड.

परवानगी होती बरं का मला. तू परवानगीवरून माझ्याशी भांडू नकोस म्हणून सांगतो. तुझ्या न्यूयॉर्कवाल्यांतही दुसऱ्याच्या मोठ्या चित्रावर आपलं नाव फासणं हा अपमानच समजतात. निवाऱ्याच्या त्या कोपऱ्यात शाळेच्या पोरींनी खडूनं मांडलेला पाढा होता, सतराचा. तो तुझ्या निळ्याखाली गेला.

कायद्याचं थोडक्यात: मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध आपल्या राज्यात १९९५ चा कायदा आहे, आणि त्यात कैदेचीही सोय आहे. उगाच वडिलांना चौकीवर नेऊ नकोस. ग्रामपंचायतीला एक साधा अर्ज लागतो. मुंबईत वांद्र्याला टेलिफोनच्या इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवलेत, २०१४ साली, रणजीत दहियानं. हा माणूस हरियाणातल्या खेड्यात घरांना चुना मारायचा, तिथून सुरुवात केलेला. उजेडात, परांचीवर उभं राहून केलेलं काम आहे ते.

आणि हो, ती भिंत तशीही टिकणार नाही. काळ्या मातीतली आहे, खालून ओलीबरोबर खारा लोणा चढतोय. दोन पावसाळ्यांत तुझा निळा पापुद्र्यांनी सुटेल. आधी तारेच्या ब्रशनं खरवडायचं, धुवायचं, आठ दिवस वाळू द्यायचं. पश्चिमेच्या भिंतीवर बाजारातला भडक लाल घेऊ नकोस, उन्हानं गुलाबी होतो. गेरू घे, तो ऊन खातो. स्प्रेचे डबे मे महिन्यात टिनाखाली ठेवायचे नाहीत. पन्नास डिग्रीच्या वर नेऊ नका असं डब्यावरच लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे टिनाखाली तेवढं सहज होतं. तोंडाला दुपट्टा बांधून तो वास अडत नाही, मास्क विकत घे.

दिवाळीत येशील तेव्हा माझ्या घरामागची भिंत धुऊन, चुन्याचे दोन हात मारून ठेवतो. फक्त डाव्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, तिथं तुझ्या काकूनं गोवऱ्या थापायची जागा ठरवलेली आहे. येताना ते बारीक रेघेचं टोपण आण, स्प्रेच्या डब्याला लावायचं. दोन आण. एक मला.

तुझा,
पेंटर काका