अमेरिकन गीतकार-संगीतकार कोल पोर्टरच्या विनोदी गाण्यांच्या कॉन्सर्टला जातोय, आधी काय ऐकून जाऊ?

तीन गाणी पुरेत, पण लिरिक्स समोर ठेवून ऐक, शब्द आणि चाल दोन्ही पोर्टरचीच असल्याने निम्मी गंमत यमकात असते. 'यू आर द टॉप' (१९३४) मधे दोघं एकमेकांचं कौतुक करत सुटतात, मोनालिसाचं स्माईल, मिकी माऊस आणि चक्क महात्मा गांधी पण येतात, तेव्हाची बाकीची नावं मात्र गुगल करावी लागतील. माझं फेवरेट 'किस मी, केट' (१९४८) या म्युझिकलमधलं 'ब्रश अप युअर शेक्सपियर', दोन गुंड सांगतात पोरी पटवायच्या तर शेक्सपियर पाठ करा 😄 'मिस ओटिस रिग्रेट्स' ला लोक हसतात खरं पण त्यात खून आणि लिंचिंग आहे, सिंगरने जास्त अ‍ॅक्टिंग केली की ते पार फसतं.